मागणीचे क्रियापद

व्याख्यात्याला एखादा मुद्दा आवरता येईनासा झाला, की तो 'असो' म्हणतो व पुढे सरकतो. या मांडवात गेल्या काही दिवसांत हा शब्द किती वेळा उच्चारला गेला याची मोजदाद आम्ही ठेवली नाही. परंतु तो कानी पडला, की आम्ही थबकतो. 'असो' म्हणजे 'आहे' नव्हे. 'आहे' म्हणणारा वस्तुस्थिती सांगतो. 'असो' म्हणणारा तिला जशी असेल तशी राहण्याची मुभा देतो. विजय असो, कल्याण होवो, पीक चांगले येवो, या सर्वांची जात एकच. आजचे आमचे बोलणे या जातीच्या क्रियापदांविषयी आहे, आणि त्यांच्यापर्यंत आम्ही पोहोचलो ते मराठी व्याकरणाच्या वाटेने नव्हे, स्पॅनिश भाषेच्या वाटेने. कामगार चळवळीतला मनुष्य, शाळा नववीत सुटलेली, आणि विषय स्पॅनिश क्रियापदाचा! पत्रिका हाती आल्यावर अध्यक्षमहाराजांनी ती दोनदा वाचली असे आम्हाला कळले. तेव्हा आधी त्यांचे समाधान केले पाहिजे.

हकीकत अशी. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात सतरा माणसे वर्षानुवर्षे रोजंदारीवर राबत होती. त्यांना कायम करून घेण्यासाठी आम्ही दीड महिना झगडलो. शेवटी समेट झाला, दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या, आणि सदर बाजारातील आमच्या युनियनच्या खोलीत पेढे वाटले गेले. कराराचे चौथे कलम होते: 'सतरा रोजंदारी कामगारांना पुढील आर्थिक वर्षापासून कायम करण्यात यावे.' ते आर्थिक वर्ष आले आणि गेले. कोणी कायम झाला नाही. विचारावयास गेलो, तर कंपनीच्या वकिलाने तेच कलम आमच्यापुढे सरकवले व बोट एका शब्दावर ठेवले. 'करण्यात यावे' ही युनियनची इच्छा झाली, ती आम्ही नोंदवून घेतली. 'करण्यात येईल' असे आम्ही कोठे लिहून दिले आहे? आम्ही पुष्कळ आरडाओरडा केला. पण कागद कागद असतो, आणि त्यावर आमची सही होती. त्या सतरांतील एक वयस्क गृहस्थ जिना उतरताना एवढेच म्हणाले, "भाऊ, तुम्ही वाचूनच सही केली होती न?"

आम्ही वाचूनच सही केली होती. फक्त क्रियापद वाचले नव्हते.

त्याच सुमारास पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे चरित्र आमच्या वाचनात आले. वर्ध्याकडचा हा माणूस विद्यार्थिदशेत देशाबाहेर पडला, अमेरिकेत गदर चळवळीच्या उभारणीत सामील झाला, पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांविरुद्ध लढला, आणि 1924 मध्ये मेक्सिकोत जाऊन पोहोचला. तेथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात तो अध्यापक झाला. मक्याच्या वाणांवरील संशोधन त्याने स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध केले, आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा चालवल्या. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवरील एका चित्रात भाकरी वाटणारा जो माणूस रंगवला आहे, तो हाच. स्वातंत्र्यानंतर मायदेशी परतताना त्याला अडचणी आल्या. अखेर तो नागपूरला येऊन राहिला आणि 22 जानेवारी 1967 रोजी येथेच वारला. चापिंगोत त्याचा पुतळा 2022 मध्ये उभा राहिला. नागपुरात त्याचे नाव सांगितले तर आजही दहांतले आठ जण 'कोण?' म्हणून विचारतात. असो.

(हा 'असो' मात्र आम्ही समजून उमजून वापरला आहे.)

वर्ध्याकडच्या माणसाने त्या परक्या भाषेत शेतकऱ्यांना काय व कसे सांगितले असेल, या कुतूहलाने आम्ही सीताबर्डीच्या पदपथावरून एक जुने स्पॅनिश शिकवणारे पुस्तक विकत घेतले. युनियनच्या खोलीत रात्री नऊनंतर दोन-तीन पोरांना गोळा करून वाचू लागलो. मंगळवारी बाजाराच्या दिवशी खाली इतका गलबला असे, की उच्चार एकमेकांना ओरडूनच सांगावे लागत. असे करत करत पुस्तकाच्या मध्यावर आलो आणि एका धड्यापाशी आम्ही अडखळलो. त्या धड्यात आमचे चौथे कलम बसलेले होते.

स्पॅनिशमध्ये 'सुबिर' हे क्रियापद आहे. चढणे, वर नेणे, वाढवणे असा त्याचा अर्थ. ते नियमित, म्हणजे वळणाला सरळ. कंपनी पगार वाढवते असे घडत असेल तर 'ला एम्प्रेसा सुबे लोस सालारिओस' म्हणावयाचे. ('एम्प्रेसा' म्हणजे कंपनी. हा शब्द पहिल्यांदा आला तेव्हा आमच्या वर्गात हशा पिकला, कारण तिघांपैकी एकाचे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये जाबर होते. दोन शब्दांचा संबंध नाही. 1 जानेवारी 1877 रोजी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, त्याच दिवशी ती गिरणी सुरू झाली, म्हणून ते नाव.) आता कंपनी पगार वाढवत नाही, तिने तो वाढवावा अशी आमची मागणी आहे. मग वाक्य होते: 'एक्सिहिमोस के ला एम्प्रेसा सुबा लोस सालारिओस.' म्हणजे, आम्ही मागणी करतो की कंपनीने पगार वाढवावा. 'सुबे'चे 'सुबा' झाले. फरक एका स्वराचा.

रीत अशी सोपी, की आमच्या पोरांनी ती अर्ध्या तासात उचलली. वर्तमानकाळातले 'मी'चे रूप घ्यावयाचे: 'सुबो', मी वाढवतो. शेवटचा 'ओ' टाकावयाचा आणि त्या जागी 'आ' घालून रूपे चालवावयाची: सुबा, सुबास, सुबा, सुबामोस, सुबाइस, सुबान. मी व तो यांना रूप एकच. 'इर' आणि 'एर' यांनी संपणाऱ्या नियमित क्रियापदांना हा 'आ' लागतो. 'आर'ने संपणाऱ्यांना उलट 'ए' लागतो. त्राबाहार म्हणजे काम करणे. 'त्राबाहा', तो काम करतो. 'त्राबाहे', त्याने काम करावे. दोन्ही गटांनी आपापले स्वर जणू अदलाबदल करून घेतले आहेत. मूळ धातू तोच, माणूस तोच, काळही वर्तमानच. पण स्वर बदलला, की वाक्य जगात घडलेल्या गोष्टीतून उठून कोणाच्या तरी मनात जाऊन बसते. इच्छा, आज्ञा, शंका, भीती, आशा ही त्याची घरे. 'ओहाला' या शब्दामागेही हेच रूप येते. 'असे घडले तर किती बरे' या अर्थाचा हा उद्गार अरबीतून, अल्लाच्या नावावरून स्पॅनिशमध्ये गेलेला आहे. म्हणजे आमच्या कामठीच्या बाजारात रोज ऐकू येणाऱ्या 'इन्शाल्ला'चा तो नातलग.

आता ज्याने आम्हाला अडखळवले ते सांगतो. 'आम्ही मागणी करतो की' असे म्हटले, की स्पॅनिशमध्ये पुढे 'सुबा'च आले पाहिजे. दुसरे रूप चालत नाही. आणि 'कंपनी वचन देते की' असे म्हटले, की पुढे सरळ भविष्यकाळ येतो, 'सुबिरा', म्हणजे वाढवील. मागणारा एका रूपात बोलतो, कबूल करणारा दुसऱ्या रूपात. कागदावर कोण बोलत आहे हे क्रियापदच सांगते. आमच्या चौथ्या कलमात सह्या दोघांच्या होत्या, परंतु क्रियापद एकट्या आमचे होते.

मग मराठी व्याकरणे काढली. हे आधी करावयास हवे होते हे उघड आहे, पण घरचा दिवा माणूस बाहेर ठेचकाळल्यावरच शोधतो. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण 1836 मध्ये निघाले, मोरो केशव दामले यांचा मोठा ग्रंथ 1911 मध्ये. क्रियापदाच्या रूपातून नुसते विधान निघते तो स्वार्थ, आज्ञा किंवा आशीर्वाद निघतो तो आज्ञार्थ, कर्तव्य, योग्यता वा इच्छा निघते तो विध्यर्थ, अट निघते तो संकेतार्थ, हे शाळेतले पोर पाठ म्हणते. स्पॅनिशमध्ये जे काम एक रूप करते, ते मराठीत 'होवो' व 'व्हावे' अशा दोन भावांनी वाटून घेतले आहे. 'होवो' संस्कृत 'भवतु'च्या घराण्यातला. 'करावे', 'द्यावे' यांचा पूर्वज मात्र निराळा: 'कर्तव्य', 'दातव्य' यांतला 'तव्य' प्रत्यय झिजून हा 'आवे' झाला आहे. पाणिनीच्या वेळी वेदांच्या भाषेत इच्छा-संशयाचे आणखी एक रूप होते, त्याला तो 'लेट्' म्हणतो. पुढील संस्कृतात ते लोपले. लॅटिनच्या लेकींनी मात्र आपले तसले रूप सांभाळले. आन्तोनियो दे नेब्रिहा याने 1492 मध्ये स्पॅनिशचे पहिले व्याकरण लिहिले व राणी इसाबेलाला अर्पण केले, त्यात त्याने इच्छार्थ आणि हे आश्रित रूप अशी दोन निरनिराळी नावे लॅटिनच्या चालीवर दिली होती. व्याकरणकारांना नावे पुष्कळ सुचतात. बोलणाऱ्यांना एक पुरते.

'द्यावे'च्या पोटात 'दातव्य' आहे हे समजले त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण पाणी पिण्याच्या निमित्ताने आम्ही दोनदा उठलो खरे. कारण आम्ही जन्मभर हे रूप विनवणीचे समजत आलो होतो. 'चार दिवसांची रजा मिळावी ही नम्र विनंती', 'आगाऊ रक्कम मिळावी ही विनंती'. अर्ज लिहून लिहून हा 'आवे' आमच्या बोटांना हात जोडावयास शिकवून बसला होता. वास्तविक तो देणे लागणाऱ्याच्या कर्तव्याचा प्रत्यय. रचनाही पाहा. 'मालक पगार वाढवतो' यात क्रियापद मालकाच्या मागे चालते. 'मालकाने पगार वाढवावा', 'मालकाने मजुरी वाढवावी', 'मालकाने वेतन वाढवावे' यांत मालक 'ने' लावून बाजूला उभा राहतो, आणि क्रियापद पगाराच्या, मजुरीच्या, वेतनाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. स्पॅनिशमध्ये तसे नाही. तेथे एक मालक असेल तर 'सुबा', अनेक असतील तर 'सुबान'. मराठीत मालक एक असो की पन्नास, क्रियापद मागितलेल्या वस्तूकडे तोंड करून असते. यातून फार मोठा सिद्धान्त काढण्याचा मोह आम्ही आवरतो.

हे रूप अर्जाआधी घोषणेत होते. मेक्सिकोत 1810 च्या सप्टेंबरात दोलोरेस गावच्या मिगेल इदाल्गो या पाद्र्याने घंटा वाजवून लोकांना स्पेनच्या सत्तेविरुद्ध उठवले. त्याचे नेमके शब्द काय होते याबद्दल विद्वानांत वाद आहे. पण आजही 15 सप्टेंबरच्या रात्री मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष राजवाड्याच्या सज्जातून जो पुकारा करतात, त्यात जुन्या वीरांना 'विवान' आणि देशाला 'विवा' असते. 'विविर' म्हणजे जगणे. 'विवे', तो जगतो. 'विवा', तो जगो. नियमित क्रियापद, आणि तेच रूप. ('व'चा उच्चार त्यांच्या तोंडी 'ब'कडे झुकतो.) एकाला 'विवा' आणि अनेकांना 'विवान', एवढे व्याकरण चौकातल्या गर्दीला न शिकवता येते. आपल्याकडे हे ऐकावयाचे असेल तर 24 जूनला गोव्यात जावे. सांजांवच्या दिवशी डोक्यावर फुलांचे कोपेल घालून पोरे विहिरीत उड्या टाकतात, तेव्हा ओरडतात ते हेच, पोर्तुगीजमधले 'विवा'. पोर्तुगीज राज्य 1961 मध्ये गेले. क्रियापद विहिरीच्या काठावर राहिले.

आणि आमचे 'झिंदाबाद'? आम्ही हयातभर हा शब्द घसा फोडून ओरडलो आणि त्यात क्रियापद आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते. 'झिंदा' म्हणजे जिवंत, आणि 'बाद' म्हणजे फारसीत 'असो', असणे या धातूचे जुने इच्छार्थी रूप. म्हणजे 'विवा'च. 'इन्किलाब झिंदाबाद' ही घोषणा हसरत मोहानी यांनी रूढ केली. 8 एप्रिल 1929 रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी ती दिल्लीच्या विधिमंडळात दिली व ती देशभर झाली. 'अमर रहे' यातला 'रहे' हिंदीचा त्याच जातीचा. इराणात लढून पुढे मेक्सिकोत राहिलेल्या खानखोज्यांच्या कानांवरून 'बाद' आणि 'विवा' दोन्ही गेले असणार. कामठीच्या बाबू हरदासांनी, विडी कामगारांत काम केलेल्या आमच्याच वाटेच्या माणसाने, ज्या 'जय भीम'चा प्रसार केला, त्यात मात्र क्रियापद नाही. ऐकणाऱ्याने ते मनात घालून घ्यावयाचे असते. आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लोक 'होवो'ही म्हणाले नाहीत आणि 'व्हावा'ही नाही. ते 'झालाच पाहिजे' म्हणाले. 'झाला' हे घडून गेल्याचे रूप, त्याला 'च' आणि 'पाहिजे'ची पाचर. वेगळ्या विदर्भासाठीही आमच्या नागपुरात हीच पाचर ठोकली गेली, हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. या व्यासपीठावर त्या वादात आम्ही शिरत नाही.

घोषणा चौकात राहते. मागणीला कागदावर उतरावे लागते, आणि खरा इतिहास तेथे आहे. 1884 च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत परळ येथे गिरणी कामगारांची सभा भरवली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातील मागण्या आज मराठीत सांगू लागलो तर त्या आपोआप एकाच रूपात येतात: आठवड्यातून रविवारी सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विश्रांती असावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत व्हावा, कामावर इजा झालेल्याला बरा होईतो पूर्ण पगार द्यावा. सगळे 'आवे'. त्यातील पहिला 'मिळावी' हा 'मिळते' होण्यास सहा वर्षे लागली. 1890 च्या एप्रिलात मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली, आणि 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. आज आपण रविवारी दुपारी जेवून पडतो तेव्हा 'सुट्टी असावी' म्हणत नाही, 'सुट्टी आहे' म्हणतो. या दोन शब्दांमध्ये लोखंडे आहेत.

मेक्सिकोचा हिशेबही असाच. 1906 च्या जूनमध्ये कानानेआ येथील तांब्याच्या खाणीतील मजूर संपावर गेले: आठ तास काम असावे, पाच पेसो मजुरी असावी. खाण अमेरिकन मालकीची, संप मोडावयास सरहद्दीपलीकडून बंदूकवाले आले. पुढल्याच जानेवारीत रिओ ब्लांकोच्या कापड गिरणीतील कामगारांवर सैन्याने गोळ्या झाडल्या. सूतगिरणीच्या गावात वाढलेल्या आम्हाला हे वाचताना ते ठिकाण परके वाटले नाही. त्यानंतर क्रांती झाली, आणि 1917 च्या संविधानाच्या 123 व्या कलमात आठ तासांचा दिवस आला. तेथे क्रियापद कोणते? 'सेरा', म्हणजे 'राहील', 'असेल'. सरळ भविष्यकाळ. मजुराने इच्छार्थी रूपात जे मागितले, ते कायद्याने भविष्यकाळात लिहिले. आपल्या मराठी कायद्यांची धाटणीही हीच: 'करील', 'देईल', 'राहील'. कायदा 'करावे' म्हणून मागत नाही. कारखान्याने प्रत्यक्ष आठ तासांनी भोंगा वाजवला, म्हणजे मग वर्तमानकाळ. मधल्या पायरीवर किती वाक्ये अडकून पडली आहेत ते कोणत्याही कारखान्याच्या फाटकाशी उभे राहिले की कळते.

नागपूरकरांना यातील एक प्रसंग जवळचा आहे. 1929 च्या अखेरीस अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन आमच्या याच शहरात भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. सरकारने नेमलेल्या मजूर कमिशनवर बहिष्कार टाकावा की न टाकावा, यावर सभा दुभंगली, ना. म. जोशी प्रभृती मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी वेगळा संघ स्थापला. 'टाकावा' आणि 'टाकू नये' या दोन विध्यर्थांत देशाची कामगार चळवळ पहिल्यांदा फुटली ती येथे. दोन्ही बाजूंनी मालकाला जे सांगावयाचे ते आधी एकमेकांना सांगण्यात शक्ती घालवली असे आमचे मत आहे. आमच्या संघटनेतील कित्येक जुन्या मंडळींना ते मान्य नाही.

त्या सतरा जणांचे काय झाले, हे विचारल्याशिवाय आपण उठणार नाही हे आम्ही जाणतो. त्यांतील सहा जण पुढे पाच वर्षांनी दुसऱ्या करारान्वये कायम झाले. बाकीचे तोवर पांगले होते. 'वाचूनच सही केली होती न?' म्हणणारे गृहस्थ त्या सहांत नव्हते. त्या दुसऱ्या करारापासून आमच्या सदरच्या खोलीत एक रीत पडली आहे. मसुदा आला की आमच्या स्पॅनिश वर्गातला एक पोरगा, तो आता बापई गडी झाला आहे, तांबडी पेन्सिल घेऊन बसतो आणि प्रत्येक कलमाच्या शेवटच्या शब्दाखाली रेघ ओढतो. 'आवे'ने संपणारी कलमे एका बाजूस, 'ईल'ने संपणारी दुसऱ्या बाजूस. आमच्या मागणीपत्रात सगळी 'आवे' असली तरी चालते. करारात एकही चालत नाही. मालकांची माणसेही आता हुशार झाली आहेत. 'करण्याचा विचार करण्यात येईल' असले दुतोंडी साप ते सोडतात, शेपटीला भविष्यकाळ आणि पोटात काही नाही. त्याखाली आमचा गडी दोन रेघा ओढतो.

सध्या एका कारखान्याचा मसुदा टेबलावर आहे. त्यात अकरा कलमांखाली एक रेघ आहे, एकाखाली दोन. ते उपाहारगृहाचे कलम आहे, आणि बोलणी येत्या सोमवारी आहेत.